कानातला कापूस

४ मार्च

दादा,

तुझा पत्ता मामाने दिला. देताना म्हणाला, "लिही, पण उत्तराची वाट बघत बसू नकोस." मी वाट बघणार नाही. फक्त एवढंच, की पत्र न उघडता टाकून देऊ नकोस. मी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं उतरवतो आणि त्यात माझी अख्खी सुट्टी जाते.

हे बारक्याचं पत्र आहे. अक्षर बदललंय, म्हणून सांगितलं.

मी आता नावाच्या पाट्या कोरतो. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन बरं आहे म्हणून मालकांनी ठेवून घेतलं. पाटीवर एक वेलांटी चुकली तरी अख्खी पाटी भंगारात जाते, त्यामुळे माझ्यासारखा भित्रा माणूस त्यांना परवडतो. असं तेच म्हणतात. "तुझ्या अंगात मांजर आहे का रे? टाचणी पडली तरी उडतोस." कोरायचं मशीन फार कर्कश आहे, म्हणून मी दिवसभर कानांत कापूस घालून बसतो. मालक काही सांगायचं असलं की माझ्या पाठीवर थाप मारतात आणि मी उडतो. मग सगळे हसतात. रोजचंच आहे.

तुला लिहायचं कारण वेगळं आहे. आम्हाला एक मोठं काम मिळालं. तू होतास त्याच इस्पितळाचं.

मी मालकांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, "दुसरा कोण आहे? मी आणि तू. आणि माझे गुडघे." म्हणून गेलो. वरच्या मजल्यावर लांब मार्गिका आहे, भिंती खालून अर्ध्यापर्यंत हिरव्या. तुला आठवत असेल. दारांवर आजारांची नावं लिहिलेल्या पाट्या होत्या. त्या सगळ्या काढायच्या आणि नवीन लावायच्या, असं काम. तुला दिलेल्या नावाची पाटीसुद्धा मीच काढली. तिचा एक स्क्रू गंजला होता, निघता निघेना. तो शब्द मी इथे लिहीत नाही.

नवीन पाट्यांवर काय आहे, माहीत आहे? भय. ओढ. लक्ष आणि आठवण. झोप आणि जाग. माणसांशी वागणं. यादी बघून मालक म्हणाले, "दवाखाना काढताहेत की कवितासंग्रह?"

तिथे एक संशोधक डॉक्टरीण आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात. मी पाटीची उंची मापत होतो तेव्हा मी विचारलं नसतानाच त्या सांगायला लागल्या. एकाच आजाराचं नाव दिलेली दोन माणसं शेजारी बसवली तर कधी कधी दोघांत काहीच सारखं नसतं. आणि वेगवेगळ्या नावांच्या माणसांत तीच एक भीती सापडते. म्हणून या मजल्यावर नाव बाजूला ठेवायचं आणि आधी मोजायचं. भीती किती चढते, किती वेळाने उतरते, तेव्हा मेंदूचा कुठला भाग जागा होतो, माणूस वागतो कसा.

मी विचारलं, "मग नाव कधी देता?"

"इथे देत नाही. खालच्या मजल्यावर अजून देतात. औषध लिहायला, सुट्टी मंजूर करायला नाव लागतं. आमचं काम अजून कच्चं आहे."

कच्चं म्हणाल्या ते मला आवडलं आणि त्याचीच भीतीही वाटली.

घरी सगळं ठीक आहे. आई ठीक आहे. मी आता तुझ्या खोलीत झोपतो. दाराची कडी अजून बाहेरूनच आहे.

तुझा,
बारक्या

१३ मार्च

दादा,

मी त्यांच्या चाचणीला जाऊन आलो. घाबरू नकोस, रोगी म्हणून नाही. तुलनेसाठी त्यांना निरोगी माणसंही लागतात, तसा गेलो. आईला सांगितलं, पाट्यांचं काम आहे.

'भय' लिहिलेल्या दारामागे एक खुर्ची आणि एक पडदा आहे. डोळ्याच्या खाली दोन बारीक तारा चिकटवतात. गळ्यापाशी एक नळी असते. कानांवर मोठे हेडफोन. पडद्यावर निळा चौकोन आला की नळीतून फस्सकन हवा येऊ शकते. पिवळा आला की येत नाही, तसं आधीच सांगतात. मधेच कधीतरी कानात एक मोठा आवाज होतो. आवाजाने माणसाचा डोळा आपोआप मिटतो, तो किती जोरात मिटला हे तारा टिपतात. म्हणजे तोंडाने काही विचारतच नाहीत. आपण काय उत्तर दिलं याला अर्थ नाही. पापणी उत्तर देते.

तोंड सांभाळता येतं रे, पापणी कशी सांभाळणार?

पण चांगलं झालं. मी तयारी करून गेलो होतो. तारा लावणाऱ्या मुलीने विचारलं, "ऐकू येतंय ना नीट?" मी म्हटलं, हो. नंतर ती म्हणाली, "शांत बसलात हो तुम्ही! काल एकजण खुर्चीसकट मागे गेला." मी विचारलं, "म्हणजे मी पास?" ती हसली. म्हणाली, इथे पास-नापास नसतं.

त्याआधी बाईंनी घरच्यांबद्दल विचारलं. मी थोडक्यात सांगितलं.

तू रोपवाटिकेत काम करतोस, असं मामा म्हणाला. कलमं बांधतोस का? तुझा हात हलका होताच.

बारक्या

२१ मार्च

दादा,

हे पत्र कच्चंच पाठवतोय. पक्कं करायला बसलो तर पाठवणार नाही.

बाईंनी बोलावलं होतं. कागदावर रेघा होत्या. बाकीच्या लोकांच्या रेघा डोंगरासारख्या, माझी जवळजवळ सपाट. त्या म्हणाल्या, "तुम्ही जवळपास दचकतच नाही." मला वाटलं, शाबासकी देताहेत. मग त्यांनी विचारलं, "आनंद होतो का तुम्हाला? कधी रडू येतं? असं वाटतं का, की सगळं काचेपलीकडे चाललंय?"

मी सगळ्याला नीट उत्तरं दिली. त्या लिहून घेत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, इतकी कमी प्रतिक्रिया फार थोड्या लोकांत दिसते, त्याची कारणं वेगवेगळी असू शकतात, मेंदूचं छायाचित्र काढू या का? सक्ती नाही म्हणाल्या. मी हो म्हणून आलो. नाही म्हणालो असतो तर संशय आला असता.

दादा, मी निरोगी दिसायला गेलो होतो.

आता खरं कारण लिहितो. तुला आवाज यायला लागले तेव्हा तुझं जे वय होतं, ते माझं या वर्षी झालं. मला आवाज येत नाहीत. पण मशीन बंद केलं, की एकदम शांत होतं, आणि त्या शांततेत कधी कधी मला "बारक्या" अशी हाक ऐकू येते. एकदाच, मागून. मी वळून बघतो. कुणी नसतं. तो आवाज तुझा असतो.

रोज नाही. पण आता मी मशीन बंद करायलाच घाबरतो. पाटी संपली तरी कोऱ्या तुकड्यावर रेघा कोरत बसतो. मालक ओरडतात, "अरे, वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

आणि आई. आई नुसती बघत असते. मी कामावरून आल्यावर चपला काढतो, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघते. परवा मालकांचा विनोद आठवून मी जेवता जेवता हसलो. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "कुणाशी हसलास?"

मी म्हटलं, "अगं, आठवलं काहीतरी."

"काय आठवलं? सांग की मलाही."

मी विनोद सांगितला. सांगताना तो विनोदी राहिला नाही. ती हसल्यासारखं करून उठली. नंतर मोरीत भांड्यांचा आवाज येत राहिला, घासून झाली तरी.

तू इतकी वर्षं हे कसं सहन केलंस? आम्ही सगळे तुझ्याकडे असंच बघायचो का?

बारक्या

२८ मार्च

दादा,

बाई आमच्या दुकानात आल्या होत्या. 'ओढ' या पाटीचा नमुना पसंत करायला. मला पत्ता नाही, मी मशीनवर. पाठीवर थाप पडली आणि मी असा उडालो, की हातातला ब्रश थेट दारात जाऊन पडला. बाईंच्या पायांपाशी.

मी मशीन बंद केलं. मालक खो खो हसत होते. म्हणाले, "घाबरू नका हो बाई, हा स्वतःच्या शिंकेलाही दचकतो."

बाई म्हणाल्या, "असं?"

मी सवयीने कानांतून कापूस काढून टेबलावर ठेवला. त्या कापसाकडे बघत राहिल्या. मग माझ्या कानांकडे. मग नमुन्याकडे. म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे. आणि गेल्या. मंगळवारची वेळ पक्की आहे, एवढं जाता जाता सांगितलं.

आता तुला कळलंच असेल. मी चाचणीला कानांत कापूस घालून गेलो होतो. खोलवर दाबून, वरून केस ओढून. त्यावर हेडफोन. आवाज आला तो उशीतून आल्यासारखा. मला वाटलं होतं, निरोगी माणूस दचकत नाही. मला वाटलं, कमीत कमी दचकलं की कमीत कमी आजार. मला काय माहीत, की न दचकण्याचीही भीती असते.

सांगायला गेलो तर खोटारडा ठरेन. सांगितलं नाही तर त्या मेंदूत काहीतरी शोधत बसतील, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतंच. रस्त्याने चालताना मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्हीकडे विहीर आहे.

आणखी दोन गोष्टी. लिहायच्या नव्हत्या.

बाईंनी विचारलं होतं, "घरात कुणाला कधी त्रास?" मी म्हटलं, कुणाला नाही. त्यांनी विचारलं, "भाऊ-बहीण?" मी म्हटलं, मी एकटाच.

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की मला वाटलं दुसराच कुणी बोलला.

दुसरी गोष्ट. मी तुझ्या खोलीत झोपतो आणि कडी बाहेरून आहे, असं मी लिहिलं होतं. ती कडी आई लावते. पण आईने ठरवून नाही, मी सांगितलंय लावायला. झोपेत मी उठून काही केलं तर, असं मला वाटतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई "नको रे, नको" म्हणत रडली होती. आता रडत नाही. कडी लावते आणि बाहेरून दारावर हात फिरवते. तो हात फिरवल्याचा आवाज मला आतून ऐकू येतो. तो मात्र खरा आहे.

तू त्या दाराच्या आत होतास तेव्हाही ती हात फिरवायची का?

मंगळवारी काय करू, ते सांग. उत्तराची वाट बघणार नाही असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं.

बारक्या

७ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आईने दारात घेतलं. पाकिटात नव्हतं, म्हणून तिने वाचलंच. मी घरी आलो तेव्हा ते पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलेलं होतं आणि ती त्याच्यासमोर बसली होती. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे वाकलेलं. तू लिहिलंस ते मी आता पाठ म्हणू शकतो:

"कापूस काढून जा. त्या बाईंना सांग, मी तेव्हा सगळ्या प्रश्नांना हो म्हणालो होतो. हो म्हटलं की लवकर सोडतात, असं शेजारच्या खाटेवरच्याने सांगितलं होतं. आवाज येत होते, ते खरं. बाकीचं त्यांनी विचारलं म्हणून. कडी लावून घेऊ नकोस. कलमं बांधतो."

आई म्हणाली, "हो म्हणाला होता? सगळ्याला?" मी म्हटलं, तसं लिहिलंय. ती म्हणाली, "लहानपणापासून तसाच. वाढलं की नको म्हणायचा नाही. पोट फुटेस्तोवर खायचा." आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तिच्या तोंडाकडे मी निरखून बघत होतो आणि मग मी लगेच दुसरीकडे बघितलं. तसं बघितलेलं कसं वाटतं, ते मला माहीत आहे.

मंगळवारी गेलो. पायरीवर उभा राहून कान चाचपले. आत गेल्यावर बाईंना बसूही दिलं नाही. म्हटलं, "मी कानांत कापूस घालून आलो होतो."

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. तारा लावणाऱ्या आमच्या मुलीने कान बघायला हवे होते, तुमची एकट्याची चूक नाही. बसा."

"आणि मला भाऊ आहे."

हे त्यांना वाटलं नव्हतं. त्या बसल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तुझ्या आजाराचं नाव त्या मजल्यावर होतं, त्याची पाटी मी काढली, तू हो म्हणाला होतास. हाकेचंही सांगितलं. सांगता सांगता माझा हात लागून टेबलावरची पेन्सिल घरंगळली. ती पडली तर मी दचकलोच.

त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाला काय झालं होतं, हे मी सांगू शकत नाही. माझ्याकडे त्यांचा फक्त एक शब्द आहे, कुणीतरी तेव्हा लिहिलेला. त्यांची रेघ मी पाहिलेली नाही."

मग पुन्हा खुर्ची, तारा, नळी, हेडफोन. या वेळी मुलीने टॉर्च लावून माझे कान बघितले. म्हणाली, "आज घरचा माल आणला नाही वाटतं." मला हसू आलं आणि तेवढ्यात पहिला आवाज झाला.

दादा, तो आवाज उघड्या कानांनी काय आहे, ते मी सांगू शकत नाही. मी खुर्चीसकट मागे गेलो नाही, एवढंच. निळा आला की मी मरत होतो. पिवळा आला तरी मरत होतो. त्यांनी आधीच सांगितलेलं असतं की पिवळ्याला काही होणार नाही, आणि खरंच काही होत नाही, तरी माझं अंग विश्वास ठेवत नव्हतं. शेवटी शेवटी माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन तारा सुटल्या. मुलीने त्या पुन्हा चिकटवल्या.

बाईंनी माझी रेघ दाखवली. डोंगर होते. निळ्यावर उंच, सगळ्यांचे असतात तसेच, थोडे जास्त. पण बाकीच्यांची रेघ पिवळ्यावर खाली येते. माझी येत नाही. त्या म्हणाल्या, "तुमची भीती चढते ते नवल नाही. ती उतरत नाही. सगळं ठीक आहे असं सांगितलं तरी उतरत नाही. उतरायला शिकवता येतं. वेळ लागतो, आणि सगळ्यांना जमतंच असं नाही, पण त्यावर काम करता येतं."

मी विचारलं, "आणि हाक?"

"गोंगाट एकदम थांबला की नाव ऐकू आल्यासारखं बऱ्याच लोकांना होतं. माझी आई गेल्यावर मलाही व्हायचं. त्यावर लक्ष ठेवू. वाढली तर मला लगेच सांगायचं, कापूस घालून बसायचं नाही."

"म्हणजे मला दादासारखं होणार नाही ना?"

दादा, त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. आज तुमच्यात तसं मला दिसत नाही. उद्याचं लिहून द्यायला माझ्याकडे कागद नाही."

मी घरी चालत आलो. भीती उतरली नाही. पण ती कुठली आहे, हे मला कळलं होतं. आजवर वाटायचं, माझ्यात कुणीतरी शिरतंय. आता वाटतं, मी पिवळ्या चौकोनासमोर बसलोय.

त्या असंही म्हणाल्या, की भाऊ यायला तयार असतील तर दोघांच्या रेघा शेजारी ठेवून बघायला आवडेल. सक्ती नाही. मी म्हटलं, विचारतो. विचारतोय.

बारक्या

१२ एप्रिल

दादा,

छोटंसं पत्र आहे.

कडी काढली. दुकानातला पेचकस घरी आणला होता. आई बाजूला उभी राहून स्क्रू ओंजळीत घेत होती. एकेक स्क्रू पडला की विचारायची, "नक्की ना रे?" मी दर वेळी नक्की म्हणालो आणि पुढचा स्क्रू फिरवायला घेतला. दारावर भोकं राहिलीत. मालक म्हणाले, वर एखादी पाटी लाव, झाकली जातील. मला सुचेना काय कोरायचं. राहू देत भोकं.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. आईलाही लागली नसणार. सकाळी ती म्हणाली, "मी हात फिरवायला उठले आणि दार उघडंच गेलं पुढे." मग दोघंही हसलो. कुणाशी हसलास, असं तिने विचारलं नाही.

तू येशील का, हे मी विचारत नाही. बाईंसाठी ये, असंही म्हणत नाही. तुझी रेघ माझ्यासारखी निघाली तर मी घाबरेन, वेगळी निघाली तरी घाबरेन, हे मी आधीच सांगून ठेवतो. तरी तू समोर असावास असं वाटतं. हाक ऐकू आली आणि मी वळलो, तर एकदा तरी मागे कुणी असावं.

आलास तर वाजवू नकोस, दार ढकल. मी दचकेन. दचकू दे. मला दचकता येतं, हे आता कागदावर आहे.

तुझा भाऊ,
बारक्या